दुसरीच्या वर्गात नाट्यवाचन : संहिता हातात, पाठांतर बाद

फळाखडू

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरच्या बाजूला मी दुसरीला शिकवते. वर्गात पंचेचाळीसच्या आसपास मुलं, बहुतेकांचे आईवडील सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्टला. जूनपासून वर्गात नाट्यवाचन घेतेय. दुसऱ्या एका धाग्यावर त्याचा उल्लेख केला तर दोघीतिघींनी "सविस्तर लिही" म्हणून मागे लागून ठेवलं, म्हणून हा वेगळा धागा.

प्रकार साधा आहे. मुलांच्या हातात संहिता असते आणि ती शेवटपर्यंत हातातच राहते. पाठ करायचं नाही. वेशभूषा नाही, दाढीमिशा नाहीत, "तू इकडून ये, तू तिकडून जा" नाही. ओळीत उभं राहायचं आणि आपलं वाक्य आलं की आवाजाने काम करायचं. अमेरिकेतल्या शाळांत हे 'रीडर्स थिएटर' नावाने बरीच वर्षं चालतं. आपल्याकडे मोठ्यांची अभिवाचनं होतात, आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत आपली एक अख्खी पिढी वाढली. पण सात वर्षांच्या पोराला वाचायला शिकवण्यासाठी हे वापरायचं, असं फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आपला नेहमीचा वाचनाचा तास आठवा. एक जण उठतो, चार ओळी वाचतो, बसतो. बाकीचे खिडकीबाहेर. पाळी जवळ आली की बोटाने ओळ शोधायची. तासभरात एका मुलाच्या वाट्याला एखादं मिनिट वाचन येतं.

एकच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचला की वेग आणि अचूकपणा वाढतो, ही गोष्ट सॅम्युअल्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडली. त्यांचे उतारे होते ५० ते २०० शब्दांचे, म्हणजे आपल्या एका पानाचे. वाचून पटतं, पण दुसरीतल्या पोराला "हाच धडा परत वाच" म्हणून बघा! का वाचेल तो? एकदा वाचलाय ना! तालीम म्हटलं की मात्र तेच पान दहादा वाचतो आणि वर "बाई, अजून एकदा" म्हणतो. माझ्या मते सगळा फायदा त्या तालमीत आहे. शुक्रवारचा 'प्रयोग' हे फक्त निमित्त.

आठवड्याचं गणित : सोमवारी मी एकटी वाचून दाखवते, मुलं कागदावर बोट फिरवतात. मंगळवारी सगळे एका सुरात. बुधवार-गुरुवार गटांत तालीम. शुक्रवारी शेजारच्या वर्गासमोर. रोज वीस मिनिटं, जास्त नाही.

संहिता मीच लिहिते. एकीचा तुकडा देते, म्हणजे अंदाज येईल :

निवेदक १ : पिंपळगावहून टेम्पो निघाला.
निवेदक २ : आत होते कांदे, टोमॅटो आणि कोथिंबिरीच्या जुड्या.
सगळे : खडाड खड! खडाड खड!
टोमॅटो : कांदेदादा, जरा सरका ना! मी चेंगरतोय.
कांदा : मी सरकू? कुठे सरकू? माझ्या खाली अजून दहा जण आहेत!
कोथिंबीर : भांडू नका रे. माझी पानं मोडली.
निवेदक १ : ओझर गेलं. आडगाव गेलं.
सगळे : खडाड खड! खडाड खड!
टोमॅटो : आता कुणी ढकललं मला?
कांदा : मी नाही. खड्डा होता!

"खड्डा होता" ला वर्ग दर वेळी हसतो. पुढे मार्केट यार्डात लिलाव होतो, तिथे व्यापारी आणि हमाल येतात. एकूण दीड पान.

विचारा काय विचारायचं ते.

शंकासुर

कल्पना चांगली आहे, पण थेट विचारतो. माझी मुलगी दुसरीत आहे (तुमच्या शाळेत नाही). तिच्या बाईंनी असंच काहीतरी सुरू केलंय. गुरुवारपर्यंत पोरगी कागद न बघता सगळ्यांची वाक्यं घडाघडा म्हणते. याला वाचन म्हणायचं की पाठांतर? पूर्वी पाढे म्हणायचो तसंच झालं की हे.

फळाखडू

रास्त शंका आहे. गुरुवारपर्यंत निम्म्या वर्गाचं पाठ होतंच, ते थांबवता येत नाही आणि थांबवायची गरजही नाही. फक्त त्यावर विसंबायचं नाही.

बुधवारी ज्याने कांदा वाचला तो गुरुवारी निवेदक होतो, म्हणजे डोळे कागदावर आणावेच लागतात. संहिता दर आठवड्याला नवी, तीच महिनाभर घोळवायची नाही. आणि शनिवारी मी त्याच शब्दांची वेगळी वाक्यं फळ्यावर लिहिते : "कोथिंबिरीने कांद्याला ढकललं." "टेम्पोच्या खाली खड्डा सरकला." ज्याने नुसतं पाठ केलंय तो इथे अडतो. ज्याने शब्द ओळखलाय तो वाचतो आणि "बाई, खड्डा कसा सरकेल?" म्हणून हसतो. तो हसला की मला कळतं, याने वाचलं.

एक मुलगी आहे. 'कोथिंबीर' तिच्यासाठी डोंगर होता. को, मग थांबणार, थिं, मग वर बघणार, बी, र. पहिल्या दिवशी चारही तुकडे सुटे. टेम्पोच्या आठवड्यात तिनेच हट्टाने कोथिंबीर मागून घेतली. शुक्रवारी नुसता शब्द जुळला नाही, तर "माझी पानं मोडली" हे तिने रडवेल्या आवाजात म्हटलं, मी सांगितलं नसताना. पुढच्या आठवड्यातल्या संहितेत 'टिंबटिंब' आलं तेव्हा थिं-वर अडायची ती टिं-वर अडली नाही.

पेठरोड

मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, पण दुसरे सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझेच. (म्हणजे आठवड्यातून किती वेळा, ते विचारू नका.)

बहुवर्ग शाळेला हे फार सोयीचं आहे. एकाच संहितेत तिसरी-चौथीची मुलं निवेदक, त्यांना लांब वाक्यं. दुसरीला पात्रं. पहिलीला फक्त 'सगळे' ची ओळ, तीही फळ्यावर मोठी लिहून, शेजारी चित्र काढून. चारही वर्ग एकाच कामात बसतात, नाहीतर एका वर्गाला शिकवताना बाकीचे तिघे लेखन करत बसलेले.

आमच्याकडच्या मुलांना सोंग म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. बोहाड्यात (आमच्याकडचा सोंगांचा उत्सव) मुखवटे नाचताना त्यांनी रात्ररात्र जागून बघितलेत. अडचण झाली ती वेगळीच. बोहाड्यात मुख्य काम नाचायचं. त्यामुळे पहिल्या दिवशी वाघाचं काम मिळालेला कागद हातात घेऊन नाचायलाच लागला, दोघं तोंडाने संबळ वाजवायला लागले आणि वाचायचं राहून गेलं. मग मीच संहितेत सोय केली : वाघ आधी वाक्य वाचणार, मग दोन गिरक्या. वाचलं नाही तर गिरकी नाही. काम झालं.

घरची भाषा कोकणी (कोकणाकिनाऱ्याची नव्हे, आमच्या डोंगरातली). सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ मी मुलांनाच विचारून त्यांच्या बोलीत ठेवतो. निवेदन पुस्तकी मराठीत. त्या एका ओळीच्या जोरावर पहिलीचं पोर बाकीचं कान देऊन ऐकतं.

सटाणेकर

पेठरोड सर, अगदी. आमच्याकडे बागलाणात अहिराणी. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत वाघाला "माले भूक लागनी" एवढंच दिलं तर वर्ग खल्लास. पण एक आजोबा शाळेत येऊन म्हणाले, "घरी बोलतातच हे, शाळेत शुद्ध शिकवा." त्यांना निवेदकाचा कागद दाखवला, शुद्धच होता. मग बसून अख्खं ऐकलं आणि जाताना वाघाचा आवाज कसा काढायचा ते पोराला शिकवून गेले.

ती गोष्ट या कामासाठी जणू बेतलेलीच आहे. कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, प्रत्येक जण तेच विचारतो, म्हातारी तेच उत्तर देते, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते. दर वेळी फक्त प्राणी बदलतो. कच्च्या वाचकाला तिसऱ्या खेपेला ते वाक्य आपोआप येतं.

इंदिरानगरकर

पालक म्हणून लिहितोय. एक कळकळीची विनंती, याचं गॅदरिंग करू नका.

आमच्या चिरंजीवांच्या शाळेत (नाव नको) पहिलीला असंच गोड वाचन सुरू झालं होतं. डिसेंबरमध्ये कुणाच्या तरी मनात आलं, हे स्टेजवर घेऊ. झालं! कागद काढून घेतले, ड्रेसवाल्याला ऑर्डर गेली, ज्या चौघांचं पाठांतर चांगलं त्यांना वाक्यं, बाकीचे झाडं. आमचा झाड होता. हिरवा झगा, डोक्यावर पुठ्ठ्याची पानं, भाडं आम्ही भरलं. झाडाला वाचायला काही नसतं हो.

फळाखडू

झाड! :) हसू नये, पण हसले.

मलाही "संमेलनात घेऊया की" असं विचारून झालंय. मी २७ फेब्रुवारीचा पर्याय पुढे केला. मराठी भाषा गौरव दिन शाळेत करायचाच असतो, कुसुमाग्रजांचं गाव म्हणून नाशिकला जरा जास्तच उत्साहाने. भाषणांच्या जागी प्रत्येक वर्गाने पाच मिनिटं वाचायचं, कागद हातात ठेवून, अख्ख्या वर्गाने. मुख्याध्यापकांना कार्यक्रम मिळाला आणि माझे कागद वाचले.

नेपथ्य

आयुष्यभर हौशी रंगभूमीवर पडेल ते काम केलं, कालिदास कलामंदिराच्या विंगेत निम्मं तारुण्य गेलं. लहान मुलांचा अनुभव नाही, पण अभिवाचनाचा आहे, म्हणून दोनचार गोष्टी.

कागद नाकासमोर धरला की आवाज कागदातच जिरतो. छातीच्या खाली, जरा एका बाजूला धरायला शिकवा. वाक्य संपत आलं की मान वर. सुरुवातीला नको, शेवटच्या दोन शब्दांना. मोठ्या नटांनाही हे जमायला वेळ लागतो, पण पोरं लवकर शिकतात.

सुटे कागद देऊ नका. सुट्या पानांचा वाचताना फडफड आवाज होतो आणि उलटताना वाक्य निसटतं. पान उलटायची जागा निवेदकाच्या वाक्यावर आणा, म्हणजे तोवर पात्रं पान उलटून तयार. आणि संहिता पूर्ण द्या, फक्त आपापली वाक्यं कापून देऊ नका. आधीचं वाक्य समोर नसेल तर पोर ऐकणार कशाला? आपली पाळी मोजत बसेल.

आणखी एक. तुम्ही लिहिता किंवा लोककथा घेता तोवर ठीक. कुणा लेखकाची गोष्ट घेऊन बाहेर जाहीर कार्यक्रम करणार असाल तर परवानगी घ्या. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालतो. 'शाळेचंच तर आहे' म्हणून सगळे हात वर करतात.

फळाखडू

नेपथ्यकाका, पान उलटायची जागा हा मुद्दा लाखमोलाचा. माझं आजवर कांद्याच्याच वाक्यावर पान उलटत होतं आणि दर वेळी तो म्हणायचा "मी सरकू?" ...खसखस... "कुठे सरकू?"

छपाईचं आणखी थोडं, कारण इथेच बरंच अडतं. अक्षर मोठं, ओळींत अंतर, एक वाक्य शक्यतो एका ओळीत. शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा नाही. प्रत्येकाने आपलं नाव जिथे जिथे आहे तिथे स्केचपेनने रंग द्यायचा, वाक्याला नाही, नुसत्या नावाला. वाक्यच रंगवलं तर खालची अक्षरं झेरॉक्समध्ये काळी होतात.

आणि फॉन्ट मराठी वळणाचा बघा. संगणकावर मंगल आला की 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. पुस्तकातल्या पाकळीच्या 'ल' वर शिकलेलं पोर तिथे थबकतं. आपल्याला वाटतं वाचता येत नाही, आणि त्याला ते अक्षरच अनोळखी असतं.

शंकासुर

बरं, पाठांतराचं पटलं. पण ४५ मुलं आणि एक टेम्पो? बाकीची काय करतात?

फळाखडू

सहा गट, सगळे एकदम तेच वाचतात. त्या वीस मिनिटांत वर्गाचा संध्याकाळचा गजबजलेला रविवार कारंजा चौक होतो. शेजारच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात दोनदा डोकावून पाहिलं. आता त्या दाराला कडी लावून घेतात.

मी गटागटातून फिरते, अडलेला शब्द सांगते, चुका लिहून घेत नाही. गटाला मुख्य नाही. एक 'ऐकणारा' असतो, त्याचं काम एकच : ऐकू आलं नाही तर हात वर. ते काम रोज बदलतं.

वाटप हे खरं अवघड काम. कच्च्या मुलाला एका शब्दाची भूमिका देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, पण मग ते दुसऱ्या रूपातलं झाडच. त्याला धृपदाची ओळ सगळ्यांबरोबर, शिवाय स्वतःची दोन छोटी वाक्यं, आणि ती गोष्टीत महत्त्वाची हवीत. "खड्डा होता" हे तीन वर्षं शाळेत धड न बोललेल्या मुलाकडेही देता येतं, आणि टाळी त्यालाच मिळते.

मराठीबाई_इंग्लिशमीडियम

गंगापूर रोडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांना सक्तीचं झालं, पण वर्गात घरी हिंदी, गुजराती, इंग्रजी बोलणारी मुलं. त्यांना "मराठीत बोला" म्हटलं की दातखीळ. हातात कागद असला की भीती जाते, कारण काय बोलायचं ते समोर आहे.

माझी अडचण वेगळी आहे. मुलं 'गेलं' हे 'गेलन्' वाचतात, 'असं' हे 'असन्'. हिंदीतल्या अनुस्वाराची सवय. काय करू? सगळं 'गेले, असे' करू का?

फळाखडू

नको नको, मग कांदा व्याख्यान दिल्यासारखा बोलायला लागेल. माझ्याकडे मराठी घरातली मुलंही सुरुवातीला 'गेलन्' वाचतात. पहिल्या संहितेत निवेदकाला 'गेले, केले' आणि पात्रांना 'गेलं, केलं' असं ठेवा. सोमवारी वाचताना शेवटचा 'लं' जरा ओढून म्हणा. घरी कानावर पडणारं 'गेलं' आणि कागदावरचं 'गेलं' एकच आहे हे एकदा जुळलं की सुटतं. तुमच्याकडे कानावर पडत नाही, म्हणून तुम्हाला जास्त दिवस लागतील एवढंच.

शब्दोच्चार

स्पीच थेरपिस्ट आहे, कॉलेज रोडला. अडखळत बोलणाऱ्या मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

एका सुरात वाचताना अडखळणं बरंच कमी होतं, हा आमच्याकडचा नेहमीचा अनुभव. त्यामुळे 'सगळे' च्या ओळी अशा मुलांसाठी मोठा दिलासा. पण त्यावरून "वर्गात तर नीट बोलतो, घरी मुद्दाम करतो" असा निष्कर्ष पालकांना देऊ नका, कृपया. एकट्याचं वाक्य द्यायचं तर त्याला आधी एकांतात विचारा, हवं असेल तर जोडीने वाचू द्या. टोमॅटो दोन असले तर टेम्पोचं काय बिघडतं? आणि तो अडला की वाक्य पूर्ण करून द्यायचं नाही, थांबायचं. ही सवय अख्ख्या वर्गाला लावा.

पेठरोड

जाता जाता निपुण भारतबद्दल, म्हणजे लहान वर्गांना वाचन-गणित यावं यासाठीच्या केंद्र सरकारच्या अभियानाबद्दल. २०२१ मध्ये अभियान सुरू झालं आणि दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला किमान ६०, असं लक्ष्य आलं, समजून वाचायचं या अटीसह. अट कागदावर राहिली आणि हातात घड्याळ आलं. पोरं अशी सुटतात की पूर्णविराम दिसत नाही, उद्गारचिन्ह दिसत नाही. आमच्या शाळा-केंद्रातल्या शिक्षकांच्या एका बैठकीत मी वाघाचं वाक्य घड्याळ लावून वाचायला सांगितलं. पंचवीस सेकंदांत वाघाने म्हातारीला खाऊनसुद्धा टाकलं!

मी वेग मोजतो, पण महिन्यातून एकदा, तालमीतल्या पानावर नव्हे तर नव्या पानावर. वाढलेला दिसतो. पण विरामाला थांबलं का, प्रश्नाला आवाज वर गेला का, हे मी आधी ऐकतो.

इंदिरानगरकर

आमच्या झाडाला हा धागा वाचून दाखवला. घरी टेम्पो करायचाय म्हणतोय. आम्ही तिघंच, पात्रं जास्त. पूर्ण संहिता मिळेल का?

फळाखडू

देते की. विपू (तुमच्या पानावरची विचारपूस) बघा. तिघांत करायचं तर निवेदन दोघांत वाटा आणि 'सगळे' तिघांनी. हमालाचं वाक्य लांब आहे, ते बाबांनी घ्यावं. मुलाला कांदा द्या, टोमॅटो नको. सगळ्यात जास्त वाक्यं कांद्याला आहेत.